तारखेचा नेम

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ‘ठाकुरवाडी कुठे?’ असं विचारलं, तर समोरचा माणूस उलट विचारतो, ‘कोणती?’ डोंगराच्या पायथ्याला, पठारावर, धरणाच्या वरच्या अंगाला, जिथे ठाकर समाजाची दहा-वीस घरं एकत्र आली, तिथे ठाकुरवाडी झाली. बोरघाटातल्या रेल्वेच्या एका थांब्याचं नावही ठाकुरवाडीच. १८६३ मध्ये या घाटातून आगगाडी धावू लागली. आज कर्जतच्या फलाटावरून निघालेली लोकल दोनेक तासांत दादरला पोहोचते आणि दादरच्या पुढे परळ, तिथे टाटा रुग्णालय आहे. ‘आईला टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की कोणी पुढचं विचारत नाही. रोगाचं नाव घ्यायचं टाळतात. रुग्णालयाचं नाव घेतलं की सगळं कळतं.

आईबापाच्या कॅन्सरमध्ये घरच्यांनी काय करायचं आणि देवाने काय करायचं, याबद्दल आपल्याकडे बोललं पुष्कळ जातं. धीर द्या, सकारात्मक राहा, नामस्मरण करा. हे खोटं नाही, पण ज्याला सकाळी आईला घेऊन निघायचं आहे त्याला यातून काही हाती लागत नाही. मला यातली एकच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. ठरलेला उपचार मध्येच तुटू न देणं, तारीख न चुकवणं, हे घराचं खरं काम आहे. श्रद्धेलाही मी त्याच कामाला लावीन.

समजा, अशाच एका वाडीतली पंचावन्न वर्षांची आई आहे. पाळी जाऊन चार-पाच वर्षं झाली आणि आता पुन्हा अंगावरून लाल जायला लागलंय. त्याआधी बरेच महिने पांढरं जात होतं, वास येत होता. ती हे मुलाला सांगणार नाही. त्याला सांगेल, ‘कंबर दुखते.’ सुनेला कदाचित सांगेल. माहेरी आलेल्या लेकीला नक्की सांगेल, तेही रात्री चुलीपाशी, सगळे झोपल्यावर. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची पहिली बातमी आपल्याकडे अशी बाईकडून बाईकडे जाते. दवाखान्यात न्यायचा निर्णय मात्र बहुतेक वेळा पुरुषाच्या हाती असतो. या दोन टोकांच्या मधे जे महिने जातात, त्यांत रोग एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर जातो. म्हणून लेकीने किंवा सुनेने ते ऐकल्यावर गप्प न बसणं, वाडीवर येणाऱ्या आशाताईला गाठणं, मुलाला ‘कंबर नाही, तपासणी करायला हवी’ असं स्पष्ट सांगणं, ही आधाराची पहिली पायरी. तिथून कशेळ्याचं किंवा चौकचं ग्रामीण रुग्णालय, नाहीतर कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, आणि मग पुढची चिठ्ठी.

तुकडा काढून तपासायला द्यायचा म्हटलं की घरात पहिलं भांडण होतं. ‘लोखंड लागलं की पसरतो’ असं कोणीतरी छातीठोक सांगतं. लोक असं म्हणतात त्यामागे त्यांनी पाहिलेलं असतं. तुकडा काढला आणि सहा महिन्यांत माणूस गेला, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेलं असतं. पण तो माणूस गेला तो उशिरा आल्यामुळे आणि बऱ्याचदा तुकड्याचा अहवाल हाती आल्यावर उपचारच न घेतल्यामुळे. तुकडा न काढता कोणता कॅन्सर आहे हे ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय औषध ठरत नाही.

आता उपचाराकडे येऊ. गर्भाशयमुखाचा कॅन्सर थोडा पसरलेला पण अजून ओटीपोटाच्या आतच असेल, तर नेहमीचा उपचार म्हणजे किरणं आणि त्यासोबत आठवड्यातून एकदा केमोचं सलाइन. लोक किरणांना ‘लाईट’ म्हणतात, कोणी ‘शेक’ म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, साधारण पाच आठवडे, म्हणजे पंचवीस वेळा बाहेरून लाईट. त्यानंतर काही वेळा आतून किरणं, योनिमार्गातून नळी बसवून. यंत्राखाली प्रत्यक्षात जातात ती काही मिनिटं. त्या मिनिटांसाठी अख्खा दिवस जातो. ‘एवढीशी लाईट, मग सगळी एकदम का देत नाहीत?’ हा प्रश्न आईच नव्हे, शिकलेला मुलगाही विचारतो.

उत्तर समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळा नेम त्यावर उभा आहे. किरणं कॅन्सरच्या पेशींना मारतात तशी आजूबाजूच्या चांगल्या पेशींनाही इजा करतात. पण चांगली पेशी रात्रभरात आपली डागडुजी बऱ्यापैकी करून घेते. कॅन्सरच्या पेशीला ते तितकं जमत नाही. म्हणून रोज थोडा मारा करायचा, रात्र मधे जाऊ द्यायची, पुन्हा थोडा मारा. पंचवीस दिवसांत हा फरक साठत जातो. एकदम सगळं दिलं तर आतडं आणि मूत्राशय भाजून निघेल. आणि उलट बाजूने, मधे आठ दिवस खंड पडला, तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी त्या मोकळ्या दिवसांत वाढून घेतात. म्हणून आतून द्यायची किरणं धरून सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत संपवावा, असं जगभरचे डॉक्टर सांगतात. त्यापुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण अर्ध्या ते एक टक्क्याने घटते. आठवडाभर सणाला घरी राहिलं, पाहुणे आले, आवणी आली, पैसे संपले, असं काहीही झालं तरी हिशोब तोच. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये तर खंड आणखी महाग पडतो.

हे कळलं की अंतराचा अर्थ बदलतो. कर्जतहून परळ रेल्वेने सुमारे ९० किलोमीटर. रोज जाऊन-येऊन १८०. पंचवीस दिवसांचे साडेचार हजार किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर ही पालखीची वाट साधारण २५० किलोमीटरांची. म्हणजे ही आई पाच आठवड्यांत अठरा वेळा पंढरपूर गाठते. त्यात वाडीतून मुख्य रस्त्यापर्यंतची पायवाट आणि तिथून स्टेशनापर्यंतची टमटम मी धरलेली नाही. जुलाब चालू असताना, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला थकवा अंगात असताना, हा प्रवास रोज करणं बहुतेकींना झेपत नाही. म्हणून बऱ्याच घरांचा पहिला मोठा निर्णय औषधाबद्दल नसतोच. मुंबईत राहायचं कुठे, हा असतो.

यात एक गोष्ट रायगडकरांनी लक्षात ठेवावी. टाटा रुग्णालयाचंच दुसरं मोठं केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, खारघरला आहे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. चौक-पनवेलमार्गे खालापूरकरांना ते परळपेक्षा बरंच जवळ. कोणावर कुठे उपचार करायचे हे डॉक्टर ठरवतात, पण आपण कुठून येतो हे त्यांना सांगायला संकोच करू नये. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखलेल्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णाला जाता येतं. एसटीतही तिकिटात सवलत आहे. कागद सोबत हवा एवढंच.

परळच्या रुग्णालयाचा जन्मही एका घरातल्या दुःखातून झाला. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केलं. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. रुग्णालय मिळालं, पण रुग्णासोबत येणाऱ्या माणसाचं काय? त्याने रात्री कुठे टेकायचं? फूटपाथवर झोपणारे रुग्ण आणि नातेवाईक परळने अनेक वर्षं पाहिले आहेत.

इथे मला गाडगेबाबा आठवतात. शेणगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या या माणसाने देवळं बांधण्यापेक्षा धर्मशाळा बांधल्या: पंढरपूरला, नाशिकला, देहू-आळंदीला. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा उभी केली. दारात आजारी माणूस घेऊन आलेल्या परगावच्या कुटुंबाला छप्पर देणं हीच त्यांची पूजा होती. आज दादर पूर्वेला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे आणि तिथे राहणाऱ्यांत मोठा भरणा टाटाच्या रुग्णांचा असतो. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. टाटाच्या स्वतःच्याही धर्मशाळा आहेत, वांद्र्याची डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाची त्यांपैकीच. जागा मिळवायला रुग्णालयाची चिठ्ठी लागते आणि ती चिठ्ठी समाजसेवा विभागातून मिळते. डॉक्टरांच्या खोलीबाहेर तासन्‌तास थांबणारे नातेवाईक या विभागाकडे उशिरा वळतात. मी म्हणेन, फाइल निघाली की पहिल्याच दिवशी वळावं.

पैशांचंही तसंच. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली. आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि त्यात कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणं येतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार या दोन कागदांवर आईचं नाव वेगवेगळं असणं ही वाडीतली नेहमीची अडचण. एकावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. कुठे जन्मसाल चुकलेलं. त्यासाठी तहसील कार्यालयात आधीच एक फेरी मारली तर उपचाराचा आठवडा वाचतो.

मग सोबत कोण जाणार? मुलगा फार्महाऊसवर माळीकाम करतो, त्याचा रोज बुडतो. सून अंगावर पाजणारी. लेक सासरी. अशा वेळी एकाच्याच गळ्यात सगळं येतं, आणि तिसऱ्या आठवड्यात तो मोडतो. त्याच्यासोबत नेमही मोडतो. वाडीला पाळ्या नवीन नाहीत. रोपं लावायला एकमेकांच्या खाचरात जाणारी माणसं दवाखान्याच्याही पाळ्या लावू शकतात. सोमवार-मंगळवार मुलगा, बुधवार-गुरुवार जावई, शुक्रवारी शेजारची पोरगी. पण पाळीने माणूस बदलतो तशी माहिती गळते. म्हणून एक वही हवी. शंभर पानी, शाळेची. कोणत्या दिवशी लाईट झाली, केमो कोणत्या तारखेला, किती वेळा जुलाब, ताप किती, डॉक्टर काय म्हणाले, पुढची तारीख कोणती. लिहिणारं कोणी नसेल तर शाळेत जाणारा नातू लिहील.

वहीचं महत्त्व मी वाढवून सांगत नाही. अमेरिकेत ७६६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केमो घेणाऱ्या काही रुग्णांनी आपले त्रास नियमित नोंदवून परिचारिकांपर्यंत पोहोचवले. बाकीच्यांची काळजी नेहमीसारखी घेतली गेली. नोंद ठेवणारे सरासरीने पाच महिने जास्त जगले. औषध तेच होतं. त्रास वेळेवर कळला, वेळेवर आवरला, आणि उपचार चालू राहिला. त्याआधी २०१३ मध्ये तिथल्याच सुमारे ७ लाख ३५ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या होत्या. लग्न झालेल्या रुग्णांचा रोग लवकर सापडत होता, त्यांना पूर्ण उपचार जास्त मिळत होते आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी होतं. लग्नात काही जादू नाही. ‘तुला बरं वाटत नाही, चल दाखवून येऊ’ म्हणणारं माणूस घरात आहे, आणि तारखेला हात धरून नेणारंही तेच आहे. आपल्याकडे ते माणूस नवराच असेल असं नाही. लेक असेल, पुतण्या असेल, जाऊ असेल.

घरी काय पाहायचं? सगळ्यांत आधी ताप. केमोनंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि साधा जंतूही जिवावर बेतू शकतो. १००.४ फॅरनहाइटला किंवा त्यावर ताप गेला की सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच दवाखाना. त्यासाठी घरात थर्मामीटर हवा. कपाळाला हात लावून हे कळत नाही. गाडी कोणाची, वाटेतला ओढा रात्री ओलांडता येतो का, हे आधीच ठरलेलं हवं. पावसाळ्यात तर हवंच. पाणी उकळून प्यायचं. पेशी कमी असताना जत्रेच्या गर्दीत न्यायचं नाही. ओटीपोटावर किरणं चालू असताना जुलाब लागतात. तेव्हा मीठ घातलेली भाताची पेज आणि ताक यांच्यासारखं दुसरं अन्न नाही. पालेभाज्या आणि रानभाज्या तेवढे आठवडे बाजूला. पेजेने पोट सांभाळलं जातं, पण झीज भरून निघत नाही, म्हणून त्यासोबत डाळीचं घट्ट पाणी, चालत असेल तर अंडं, मासा. माळकरी घरात अंडं चालत नाही. तिथे दूध, दही, शेंगदाण्याचं कूट. शाकाहारावर उपचार झेपतो, भुकेवर झेपत नाही.

एक भीती मुद्दाम दूर करायला हवी. आईचं ताट वेगळं, पेला वेगळा, नातवंडांनी जवळ जायचं नाही, असं काही घरांत सुरू होतं. कॅन्सर शिवण्याने लागत नाही. बाहेरून किरणं घेऊन आलेल्या माणसाच्या अंगात किरणं उरत नाहीत. नातवाने त्याच संध्याकाळी मांडीवर बसावं.

आता देवाकडे येतो. वाडीत आजाराला दोन दारं असतात, दवाखान्याचं आणि भगताचं, आणि बहुतेक घरं दोन्ही ठोठावतात. कोणाची करणी आहे, वाघोबाचा कोप आहे, गावदेवीचं काही राहिलंय, हे विचारलं जातंच. मला त्यावरून घरच्यांना झापणारी डॉक्टरी पटत नाही. भगत हा वाडीतला माणूस असतो, रात्री-अपरात्री तोच येऊन बसतो, आणि आईचा जीव त्याच्या शब्दाने शांत होतो. पण त्याने ‘लाईट बंद करा, मी पाला देतो’ म्हटलं, तर तिथे थांबायला हवं. कॅन्सरवरचे मान्य उपचार सोडून फक्त पर्यायी औषधांवर राहिलेल्यांचा अमेरिकेतला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट होता. केमो चालू असताना झाडपाला पोटात घेतला तर यकृत आणि मूत्रपिंड यांच्यावर भार पडतो तो वेगळाच. मेळघाटात प्रशासनाने भुमकांनाच, म्हणजे तिथल्या भगतांनाच, सोबत घेऊन त्यांच्याकडून रुग्ण सरकारी दवाखान्यात पाठवण्याचा प्रयत्न केला आहे. आपल्या वाडीतही मुलाने भगताला आधी जाऊन भेटावं, त्याला मान द्यावा आणि सांगावं, ‘बाबा, तुम्ही मंत्र म्हणा, पण आईला तुम्हीच सांगा की पंचवीस लाईट पूर्ण कर.’ भगताच्या तोंडून आलेलं हे वाक्य कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा जास्त काम करेल. कोंबडं-बोकडाचा खर्च मात्र टाळावा. गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनांतून पशुबळी आणि कर्ज काढून केलेले नवस यांच्याविरुद्ध बोलत राहिले, आणि आजाऱ्याला औषधोपचार मिळवून देणं त्यांच्या दशसूत्रीत आहे.

खरी घालमेल होते ती बारीक गोष्टींत. समजा, बापाला घशाचा कॅन्सर आहे आणि तो माळकरी आहे. किरणं देताना डोकं-मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर आणि गळ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात, आणि गळ्यातली तुळशीची माळ काढावी लागते. वीस वर्षं अंघोळीलाही न काढलेली माळ तंत्रज्ञ सहज म्हणतो, ‘काढा.’ म्हातारा तिथून उठून निघून जातो आणि मुलाला कळतच नाही काय झालं. हे आधी बोलून ठेवता येतं. ज्यांच्याकडून माळ घेतली त्यांना विचारता येतं, तेवढे आठवडे ती देव्हाऱ्यात पांडुरंगाच्या गळ्यात ठेवता येते, नाहीतर लाईट होईपर्यंत मुलाने ओंजळीत धरून बाहेर बसावं. आईचं मंगळसूत्र तसंच. एमआरआयच्या वेळी आणि आतून किरणं देताना भूल द्यायची तेव्हा धातू अंगावर चालत नाही. नवरा जिवंत असताना बाईच्या गळ्यातून मंगळसूत्र काढायला लावणं म्हणजे तिच्या मनात काय येतं, ते प्रत्येक बाईला ठाऊक आहे. लेकीने ते काढून आपल्या गळ्यात घालावं आणि बाहेर आल्यावर पहिलं काम म्हणून परत घालावं. अंगारा कपाळाला लावायला हरकत नाही. पोटात घेऊ नये, आणि जिथे किरणं चालू आहेत त्या कातडीवर हळद, तेल, अंगारा काही लावू नये. तिथे शाईने काढलेल्या खुणा धुऊन टाकू नयेत, त्यांच्यावरूनच रोजचा नेम साधतात. एकादशीचा निर्जळी उपवास आईने करायचा नाही, सुनेने तिच्या नावाने करावा. व्रत असं दुसऱ्याने घेण्याची सोय आपल्या घरांत आहेच.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. ‘मागच्या जन्मीचा भोग’ हे शब्द रुग्णासमोर उच्चारू नयेत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे बहुतेक वेळा एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. तो अतिशय सर्वसाधारण आहे, आणि तो असलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर होतही नाही. तोंडाच्या कॅन्सरमागे बऱ्याचदा तंबाखू आणि मिश्री असते. त्या सोडवायच्याच, आणि बापाने सोडावी असं वाटत असेल तर मुलानेही चंची बाहेर टाकावी. पण उपचार चालू असताना ‘तूच ओढवून घेतलंस’ म्हणणं माणसाला आतून खचवतं, आणि खचलेला माणूस तारखेला उठत नाही.

आईला सांगायचं का? ‘तिला सांगू नका डॉक्टर, हाय खाईल’ हे वाक्य मुलगा हात जोडून म्हणतो. त्यामागचं प्रेम खरं आहे. पण कागदावर अंगठा तिचाच लागतो. रुग्णालयाच्या आवारात ती रोज तेच चेहरे पाहते. तिला कळतं, आणि आपल्याला कळलंय हे ती मुलापासून लपवते. दोघं एकमेकांना सांभाळत एकटे पडतात. तिने विचारलं तेवढंच, तिच्या शब्दांत, पण खरं सांगावं: ‘पिशवीच्या तोंडाशी वाईट गाठ आहे. औषध आहे. पंचवीस दिवस रोज जायचंय. मी आहे.’ जिला पंचवीस का, हे माहीत आहे ती विसाव्या दिवशी ‘आता बरं वाटतंय, पुरे’ म्हणत नाही.

काही वेळा रोग उपचाराच्या पुढे गेलेला असतो. तेव्हा तारखा थांबतात, सोबत थांबत नाही. लंडनला १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर हे रुग्णगृह उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी सांगितलं की मरणाऱ्याची वेदना एकट्या शरीराची नसते. तिच्यात मनाची, घराची आणि श्रद्धेचीही वेदना मिसळलेली असते. १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केलं, ते भारतातलं असं पहिलं घर. तिथे ख्रिस्ती भगिनी कोणत्याही धर्माच्या रुग्णाची विनामूल्य सेवा करतात. मॉर्फिनच्या गोळीला घरचे घाबरतात, व्यसन लागेल म्हणतात. कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांच्या मापाने दिलेली ती गोळी व्यसनासाठी नसते. दुखणं उतरल्यावर आई झोपू शकते, दोन घास खाऊ शकते, भजन ऐकू शकते. तिला घरीच राहायचं असेल, आपल्या कुडाच्या घरात, गावदेवीकडे तोंड करून, तर ती गोळी वेळेवर देणं हाच घराचा नेम होतो.

पुंडलिकाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तो आईबापाचे पाय चेपत होता, दारात देव आला, त्याने वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव थांबला, रागावला नाही. पंढरपूरच्या विठोबाच्या देवळाची उभारणीच या थांबण्यावर झाली आहे. ज्या मुलाला वाटतं की आईच्या लाईटच्या दिवशी गावदेवीची जत्रा आली आणि मी परळला गेलो तर देवी कोपेल, त्याने हे आठवावं.

पंचवीस लाईट झाल्या, आतली किरणंही झाली. फाइल घरी येते आणि रेशनकार्डाच्या शेजारी पत्र्याच्या पेटीत जाते. पण फाइलवर पुढची तारीख असते. पहिली दोन वर्षं साधारण दर तीन-चार महिन्यांनी दाखवायला जायचं, नंतर सहा महिन्यांनी. रोग परत यायचा तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच येतो. त्यातली एखादी तारीख नेमकी आवणीत पडते, पाऊस कोसळत असतो, लोकल उशिरा धावत असते आणि आई म्हणते, ‘मला काही होत नाही, कशाला जायचं?’

त्या दिवशी लेकीने यावं आणि आपलंही आधारकार्ड सोबत घ्यावं. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत एचपीव्हीची एकदाच तपासणी झाली, तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. तिशी ओलांडलेल्या लेकीने आणि सुनेने ही तपासणी कुठे होते ते त्याच रांगेत विचारून घ्यावं. आईची पाळी येईपर्यंत बाकावर बसायचंच असतं. वहीचं नवीन पान काढावं आणि वर लेकीचं नाव लिहावं.